मागच्या बाजूला वेळ लिहायची नाही

एखाद्यावर खोटेपणाचा आळ घ्यायला फार शिक्षण लागत नाही. माझ्यासारखी दहावीत गणितानं आपटलेली बाईसुद्धा घेऊ शकते. मी घेतला. आणि तो आळ आनंदानं उचलून धरणारा माणूस चांगला इंजिनियर होता, पुण्याचा, गणपतीत सहकुटुंब येऊन माझ्या हातच्या अळूवड्या खाऊन गेलेला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर दचकू नका. इतकी वर्षं झाली तरी तो चढतोच.

तेव्हा आम्ही शारजाला, अल नहदात राहायचो. मी पन्नाशीच्या पुढची. मुलगी बारावीला, आमचे हे एका दुकानाच्या गोदामावर स्टोअरकीपर. घरात बसून बसून मला वेड लागायची पाळी आली होती, म्हणून ओळखीतून हमरिया फ्री झोनमधल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत कारकुनी धरली. सकाळी कंपनीची व्हॅन यायची, संध्याकाळी सोडायची. काम काय, तर ड्रायव्हर लोक किती तास गाडी चालवतात ते लिहून ठेवायचं. आमचा मोठा क्लायंट परदेशी होता, पाइपवाला. त्यांचा नियम कडक: दिवसात नऊ तासांच्या वर कुणी स्टिअरिंगवर बसायचं नाही. बसला तर कॉन्ट्रॅक्ट खलास.

आता तास कळणार कसे? आमच्या गाड्या युरोपातून सेकंडहॅण्ड आलेल्या. त्यांच्यात स्पीडच्या काट्यामागे एक गोल कागद बसवायचा. पुरीपेक्षा मोठा, भाकरीपेक्षा लहान, वरून मेणाचा हात दिल्यासारखा गुळगुळीत. गाडी चालली की आतली सुई त्यावर रेघ ओढायची, थांबली की रेघ सपाट. कडेनं चोवीस तासांचे आकडे. आम्ही त्याला चकती म्हणायचो. ड्रायव्हर मधोमध आपलं नाव, तारीख, गाडीचा नंबर लिहायचा आणि संध्याकाळी माझ्या टेबलावर ठेवायचा. मला कुणी शिकवलं नाही हो. पंचांग वाचायचं भिंग ऑफिसात नेलं आणि आठवडाभर नुसती बघत बसले. मग रेघा बोलायला लागल्या. कोण पेट्रोल पंपावर चहाला थांबतो, कोण घाईचा, कोण गाडीला जपतो, सगळं दिसायचं.

त्यात एकाची चकती मला फार आवडायची. कोकणी मुसलमान, खेडकडचा, पंधरा वर्षं इथं गाडी चालवत होता. मला ताई म्हणायचा. त्याची रेघ अशी, की सरावलेल्या बाईनं शेवया वळाव्यात. कुठे धक्का नाही, कुठे उडी नाही. त्याच्या शब्दावर त्याच्या गावची चार माणसं आमच्या यार्डात लागली होती. "हा सांगतो तो माणूस चांगलाच असणार" असं फोरमन म्हणायचा. एवढी त्याची पत. अजून दोन वर्षं काढायची आणि लेकीचं नर्सिंग झालं की गावी जायचं, असा त्याचा हिशोब.

मंदी आली. रस्त्याच्या कडेला क्रेन उभ्या होत्या त्या तशाच उभ्या राहिल्या, खाली माणसं नाहीशी झाली. आमचेही निम्मे ड्रायव्हर घरी गेले. आणि ऐन त्याच काळात आमच्या साहेबांनी, म्हणजे त्या पुण्याच्या इंजिनियरनं, तीन नव्या गाड्या आणल्या, कारण कुणीतरी धंदा गुंडाळून स्वस्तात विकत होतं. त्यांच्यात चकती नव्हती. त्यांच्यात डिजिटल मशीन. तिकडे ड्रायव्हरला म्हणे सरकार एक कार्ड देतं ते त्यात घालायचं. इथे ते कार्ड कुठलं? म्हणून साहेबांनी पद्धत काढली: दिवसाच्या शेवटी बटण दाबायचं, मशीनमधून दुकानाच्या बिलासारखी पट्टी निघते, तिच्या मागे ड्रायव्हरनं नाव लिहून सही करायची. पट्टीवर छोटी चित्रं. स्टिअरिंग म्हणजे चालवतोय, खाट म्हणजे आराम. समोर वेळ.

ती पट्टी उन्हानं पुसट व्हायची. गाडीच्या खणात दोन दिवस राहिली तर अक्षरं उडायची. म्हणून मी माझी एक लांब वही केली, आली पट्टी की आकडे जसेच्या तसे उतरवून ठेवायचे. साहेब हसायचे. "काकू, कम्प्युटरच्या जमान्यात किराणा दुकानाची वही!" हसा म्हटलं.

आता माझी चूक ऐका.

नव्या गाडीचा एक ड्रायव्हर घरी गेला होता, त्याची गाडी या खेडवाल्याला दिली. पण जुनी गाडीही काढून घेतली नाही. सकाळी जुनी घेऊन दुबईच्या बाजूला, परत यार्डात, मग नवी घेऊन अबुधाबीकडे, मुसफ्फाला. दोन माणसांचं काम एकाच्या गळ्यात. सकाळची चकती, दुपारची पट्टी. पहिल्या दिवशी त्यानं पट्टीच्या मागे सहीशेजारी पेन्सिलनं मराठी आकड्यांत लिहिलं होतं: ११ ते ६. मी त्याला ओरडले.

"हे काय? मागच्या बाजूला वेळ लिहायची नाही. नाव आणि सही, बास. पुढे मशीननं छापलंय ना?"

"सवय आहे ताई. आपली वेळ आपण लिवलेली बरी."

"क्लायंटला खाडाखोड चालत नाही रे बाबा."

"बरं. तुम्ही म्हणता तसं." आणि त्यानं ते माझ्याच रबरानं पुसलं. माझ्याच टेबलावर उभा राहून.

साहेबांनी मला दोन शीट ठेवायला सांगितल्या होत्या, जुन्या गाड्यांची वेगळी आणि नव्यांची वेगळी. का, ते मी विचारलं नाही. मला वाटलं नीटनेटकेपणा. मग महिन्याभरात क्लायंटचा निरोप आला की आम्हाला गाडीवार नको, ड्रायव्हरवार एक शीट द्या. मी बसले एकत्र करायला. लेकीच्या कम्प्युटरच्या पुस्तकातून शिकून शीटमध्ये एक युक्ती बसवली होती, दोन वेळा एकमेकींवर चढल्या की खाना लाल व्हायचा. सगळ्यांचे खाने पांढरे. खेडवाल्याच्या नावावर लालच लाल. एकोणीस दिवस, एकोणीसही लाल.

चकती सांगते: पाच ते दहा जुनी गाडी. पट्टी सांगते: सात ते दोन नवी गाडी. म्हणजे सात ते दहा हा माणूस एकाच वेळी दोन गाड्या चालवतोय!

मी काय करायला हवं होतं? यार्डात जाऊन त्याला विचारायला हवं होतं. त्या सुरेख रेघेची तरी लाज धरायला हवी होती. पण मला आपलं कौतुक. मी पकडलं! मी थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेले, शीट घेऊन, अगदी प्रगतिपुस्तक दाखवायला जावं तशी.

साहेबांनी शीट बघितली. आधी चेहरा उतरला. मग बघता बघता उजळला. तो उजळलेला चेहरा मी अजून विसरले नाही, पण त्याचा अर्थ मला नंतर कळला.

"काकू, यू आर अ जीनियस. हा दुसऱ्या कुणाला तरी गाडी देतोय आणि सही स्वतःची मारतोय. हे फ्रॉड आहे."

"असं असेल का हो? चांगला माणूस आहे."

"आकडे खोटं बोलत नाहीत, काकू."

संध्याकाळी तो यार्डात परतला तसं त्याला गाडीवरून उतरवलं. पत्र तयार व्हायला लागलं: फसवणूक. तो शब्द एकदा कागदावर चढला की व्हिसा रद्द, वर बंदी, आणि आखातात पुन्हा कुठली कंपनी दारात उभं करत नाही. शिवाय त्याच्या शब्दावर आलेले ते चार जण? त्यांच्याकडे फोरमन त्याच दिवसापासून वाकड्या नजरेनं बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला. बसला नाही.

"ताई, तुम्ही लिवलंत?"

मी मान हलवली.

"मग मला दाखवा काय लिवलंय."

मी वही उघडली. त्यानं बोट फिरवत फिरवत एका शुक्रवारवर थांबवलं. त्या दिवशी पट्टी म्हणत होती, साडेनऊ ते दोन सलग स्टिअरिंग.

"शुक्रवारी साडेबाराला मी गाडी चालवतोय? जुम्म्याच्या टायमाला? पंधरा वर्षांत एक जुम्मा सोडला नाय मी. गाडी मशिदीच्या बाहेर आणि मी आत. अल्लाची शपथ."

आम्ही दोघं साहेबांकडे गेलो. साहेबांनी ऐकून घेतलं आणि खुर्ची मागे टेकवून म्हणाले, "मग प्रश्नच मिटला. तू मशिदीत होतास, गाडी मात्र चालली होती. म्हणजे दुसरा चालवत होता. कबूल केलंस ना?"

तो तसाच वळून दाराकडे निघाला. खऱ्या माणसाचं असंच होतं. लबाडाकडे उत्तर तयार असतं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "ताई, एक करा. त्या गाडीत चढा. मी सांगतो म्हणून नको, तुमच्या डोळ्यांनी बघा."

ट्रकची केबिन म्हणजे पहिला मजला. माझे गुडघे तेव्हाच गेलेले. त्यानं मालाची लाकडी पेटी पायरी म्हणून ठेवली, स्वतः खाली उभा राहिला. "डावा पाय आधी. दांडी धरा. दांडी, ताई, आरसा नको!" मी साडीचा बोंगा सावरत, देवाचं नाव घेत चढले. वर गेल्यावर यार्डातले चार जण टाळ्या वाजवायला लागले, त्यांना मी हातानंच गप्प केलं.

मशीनच्या पडद्यावर वेळ होती अकरा दहा. माझ्या मनगटावर अकरा दहा. तो म्हणाला, "आता हे बटण दाबा." मी दाबलं. घर्र करत पट्टी बाहेर आली. वरच्या ओळीत छापलेलं: सात दहा.

मी पुन्हा दाबलं. घड्याळात अकरा अकरा. पडद्यावर अकरा अकरा. पट्टीवर सात अकरा.

आणि त्या आकड्याशेजारी तीन इंग्रजी अक्षरं, यू टी सी. तीच अक्षरं मी एकोणीस दिवस रोज बघत होते. मला वाटायचं, मशीन बनवणाऱ्या कंपनीचं नाव असेल! मिक्सरवर नाही का असतं, तसं. घरी जाऊन लेकीला विचारलं तर तिनं मोबाइलमधून डोकंही वर केलं नाही. "आई, दॅट्स लंडन टाइम, बेसिकली. वुई आर प्लस फोर. एव्हरीबडी नोज." सगळ्यांना माहीत आहे म्हणे. जिच्यावर एका माणसाची पोळी अवलंबून तिलाच तेवढं माहीत नाही.

मशीन पडद्यावर इथली वेळ दाखवतं आणि कागदावर तिकडची छापतं. चकतीचं घड्याळ मात्र ड्रायव्हर हातानं लावतो, ते इथलंच. मी दोन देशांच्या वेळा एका ओळीत बसवल्या आणि माणूस चोर ठरवला. त्यानं पेन्सिलनं लिहिलेले अकरा ते सहा राहिले असते तर पहिल्याच दिवशी उजेड पडला असता. ते मी पुसायला लावले.

त्या संध्याकाळी मी वही घेऊन बसले आणि लाल पेननं पट्टीच्या प्रत्येक आकड्यात चार मिळवले. सात ते दोन झालं अकरा ते सहा. शुक्रवार झाला दीड ते सहा, नमाज आटोपून निघाला तो. एकही वेळ दुसरीवर चढत नव्हती. एकोणीस दिवस धुतल्यासारखे स्वच्छ. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! आमचे हे म्हणाले, "उद्या साहेबांना दाखव, मिटेल."

मिटेल! मी आपली भोळी. सकाळी केबिनमध्ये गेले, वही ठेवली, आदल्या दिवशी गाडीत काढलेल्या दोन्ही पट्ट्या ठेवल्या. साहेबांनी बघितलं. उठून दार लावलं.

"काकू, टोटल केलीत का?"

"कसली?"

"स्टिअरिंगवरच्या तासांची. करा."

माल उतरवायचा वेळ सोडून सकाळचे साडेचार आणि दुपारचे साडेसहा. अकरा. शुक्रवार सोडले तर रोज अकरा तास. नियम नऊचा.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. दोन वेगळ्या शीट कशासाठी होत्या ते कळलं. तो चेहरा का उजळला होता ते कळलं. दोन माणसांनी चालवली म्हटलं की कंपनीनं कुणाला अकरा तास जुंपलंच नाही! एक ड्रायव्हर लबाड निघाला, काढून टाकला, विषय खलास. खरं लिहिलं तर तो सुटतो आणि साहेब अडकतात.

"तुम्हाला हे त्या दिवशीच कळलं होतं," मी म्हटलं.

साहेब फोनकडे बघत बसले.

"मी विचारतेय. चार तासांचं तुम्हाला ठाऊक होतं की नाही?"

"काकू, प्लीज. मार्केट बघताय ना? हे कॉन्ट्रॅक्ट गेलं तर राहिलेले बावीस ड्रायव्हर घरी जातील. मग ते बावीस जण तुमच्या डोक्यावर."

माझ्या डोक्यावर! अकरा तास यानं जुंपायचं, शीट यानं फोडायच्या, आणि बावीस माणसं माझ्या डोक्यावर. माझ्या घरी जेवलेला माणूस. मला वाटलं त्या अळूवड्या घशात हात घालून परत काढाव्यात.

"रविवारी क्लायंटचा माणूस येतोय," मी म्हटलं. "मी त्याच्यासमोर गाडीत चढेन आणि पट्टी काढून दाखवीन."

"गुडघे सांभाळा."

"गुडघ्यांचं माझं मी बघते. तुम्ही तुमचं तोंड कसं दाखवायचं ते बघा."

मी खरंच केलं असतं. पण दुपारी साहेबांनी दुसरी वाट काढली. शिकलेला माणूस, वाटा पटापट सापडतात. पत्रातून फसवणूक काढतो, म्हणाले. काम कमी झाल्यामुळे सोडलं असं लिहितो, बंदी लागणार नाही, चांगल्या वागणुकीचा दाखलाही देतो. बदल्यात मी एका कागदावर सही करायची: उष्णतेमुळे सदर पट्ट्या वाचण्यायोग्य राहिल्या नाहीत, सबब नोंद उपलब्ध नाही.

"पण वहीत आहे ना नोंद."

"वही कुणी मागितलेली नाही, काकू."

मी तो कागद घेऊन यार्डात गेले. खेडवाला सावलीला टायरवर बसला होता, गावचे चारही जण बाजूला. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. माझं रबरसुद्धा सांगितलं. म्हटलं, "तू नको म्हण, मी रविवारी तोंड उघडते. तुझा न्याय होईल."

तो चौघांकडे बघत राहिला. त्यातला एक म्हणाला, "काका, आमचा विचार नको करू." पण ते म्हणतानाच त्याचा आवाज खाली गेला.

"सही करा ताई," तो म्हणाला.

"अरे, पण तू तर जाणारच. चूक नसताना."

"जाईन तर चोर म्हणून नाय ना जाणार? बास. यांची कामं राहतील. माझ्या नावावर आलेत हे." मग मातीत काडीनं रेघा ओढत म्हणाला, "पण मला एक सांगा. मी चालवलेले ते तास गेले कुठे? पट्ट्या उडाल्या म्हणायचं. मग मी तेव्हा काय करत होतो? झोपलेलो?"

मी तिथंच पेन काढलं. मी सही केली. माझं नाव, स्वच्छ अक्षरात, खोट्या कागदाखाली. रविवारी तो परदेशी माणूस आला, एसीत बसून कॉफी प्याला, कागद चाळले आणि "व्हेरी गुड" म्हणून गेला. गाडीकडे त्यानं ढुंकून बघितलं नाही. साहेबांनी नंतर पेढे ठेवले माझ्या टेबलावर. मी डबा तसाच फोरमनला दिला. पुढच्या महिन्यात मलाही सांगण्यात आलं की काम कमी झालंय. बरंच झालं.

खेडवाला दाखला घेऊन गावी गेला. वर्षभरानं त्याला दुसरीकडे, ओमानला, गाडी मिळाली असं त्या चौघांतल्या एकानं मला फोनवर सांगितलं. नाव साफ होतं म्हणून मिळाली. ते ऐकून लोक म्हणतात, झालं ना सगळं चांगलं, आता कशाला चिडता? माझी लेकही म्हणते, "आई, लेट इट गो." कशाला सोडू? साहेबांनी सोडलं, क्लायंटनं सोडलं, मशीनसुद्धा चार तास मागे राहून मोकळं झालं. मग ते तास धरायचे कुणी?

वही माझ्याकडे आहे. त्या पट्ट्यांतली एक तिच्यात चिकटवली होती, ती आता कोरी झालीय, पिवळट कागद नुसता. पण माझी शाई आणि लाल पेन जागेवर आहे. कुणी मागितली नाही म्हणून इथं लिहिते. पहिला दिवस, शनिवार: पाच ते दहा जुनी गाडी, दुबईच्या बाजूला. दहा ते अकरा यार्डात, डबा खाल्ला. अकरा ते सहा नवी गाडी, मुसफ्फा आणि परत. स्टिअरिंगवर अकरा तास. दुसरा दिवस, रविवार: पाच ते दहा. अकरा ते सहा. अकरा तास. तिसरा दिवस, तेच. असे एकोणीस दिवस, एका माणसानं, एकट्यानं चालवलेले. तो झोपलेला नव्हता.